विल्मॉट साहेबाचं मराठी

“आपले यजमान किती वाजता येणार आहेत?”

इतकं शुद्ध मराठी मी केपटाऊनमध्ये त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं तेही एका गोऱ्या माणसाच्या तोंडून. सकाळचे नऊ वाजले होते. मी दुकानात साबणाच्या वड्या रचत होते. काउंटरपलीकडे साठीच्या घरातला एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. कोट जुना पण कडक इस्त्रीचा, हातात निळ्या पुठ्ठ्याची वही. त्याच्यामागे सार्जंट क्रिल. क्रिलला मी चांगली ओळखत होते. राजकीय पोलिसांचा हा सार्जंट गेल्या तीन आठवड्यांत चार वेळा आमचं घर उलथंपालथं करून गेला होता. आणखी दोघे साध्या कपड्यातले पोलीस फळी उचलून सरळ आत शिरले.

“कोण यजमान?” मी विचारलं.

मला खरंच कळलं नव्हतं. आम्ही कोकणी मुसलमान. आमच्यात नवऱ्याला कोणी यजमान म्हणत नाही.

“आपले पती. इलियास धनसे,” साहेब म्हणाला. “ते आज येथे येत आहेत, असे आम्हांस समजले आहे.”

पण इलियास येत नव्हता. इलियास जात होता. त्याच दिवशी, दुपारी चारच्या बोटीने.

हे चौसष्ट सालचं. केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स नावाच्या वस्तीत, चढावरच्या गल्लीत आमचं वाणसामानाचं दुकान होतं आणि दुकानामागे दोन खोल्या. इलियास माझा मामेभाऊ आणि नवरा. आमचा निकाह होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. तो एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचा. दिवसा लग्नाच्या पत्रिका आणि दुकानांच्या जाहिराती, आणि मालक घरी गेला की दुसरी पत्रकं. काळ्या माणसाने खिशात पास का बाळगावा, बाकावर कोणी बसावं हे बाकाने का सांगावं, असलं काहीबाही त्यात असायचं. तेव्हा नव्वद दिवसांचा कायदा होता. वकील नाही, कोर्ट नाही, नव्वद दिवस कोठडी, आणि ते संपले की दारातच धरून पुन्हा नव्वद. इलियासच्या जोडीला काम करणारा एक तरणाबांड मुलगा असाच आत गेला होता. तो बाहेर आला तो काठी टेकत, आणि कोणी नावाने हाक मारली की भिंतीला चिकटून उभा राहायचा.

इलियास तीन आठवडे लपून होता. कुठे, ते मलाही माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते इतकंच, की धक्क्याला एक बोट लागलीय, तिचा सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, दाभोळकडचा आहे, आणि खलाशी बाजारहाट करून परत चढतील तेव्हा त्यांच्या घोळक्यात एक जण जास्त असेल. निरोप आणणाऱ्याने बजावलं होतं, चारला भोंगा वाजेपर्यंत कोणाजवळ बोलायचं नाही. मी मामीलासुद्धा सांगितलं नव्हतं. मामी म्हणजे इलियासची आई, माझी सासू. जीव लावणारी बाई, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

आणि आता हा साहेब म्हणत होता, इलियास येतोय.

क्रिलने इंग्रजीत हुकूम सोडला. दुकान उघडं ठेवायचं. गिऱ्हाईक आलं तर नेहमीसारखं वागायचं. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. एक माणूस मागच्या दारी बसला, एक माडीच्या जिन्यावर. गल्लीच्या दोन्ही टोकांना गाड्या उभ्या राहिल्या. मोजता आली नाहीत इतकी माणसं त्यांनी आमच्या या एवढ्याशा गल्लीत आणून ठेवली होती, आणि मला कळेना की या सगळ्यांना धक्क्याऐवजी इथे पाठवलं कोणी.

मागच्या खोलीत मामी जमिनीवर बसून कांदे सोलत होती. साहेबाला बघून तिने डोक्यावरची ओढणी पुढे घेतली.

“नमस्कार, बाई,” साहेब म्हणाला. “मी विल्मॉट. मी मुंबई इलाख्याच्या पोलीसखात्यात होतो. सात वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात. आपले गाव कोणते?”

मामीने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “बुरोंडी,” ती म्हणाली.

“बुरोंडी!” त्याचा चेहरा एकदम उजळला. “दापोली तालुका. तेथील समुद्रकिनाऱ्यावर मी घोड्यावरून गेलो आहे. तेथे एक बंगला आहे, त्याच्या आवारात सुरुची झाडे आहेत. अद्याप आहेत काय?”

“हायत,” मामी म्हणाली. तिला गाव सोडून बारा वर्षं झाली होती. झाडं आहेत की तोडली हे तिला कुठून कळणार? पण आपलं गाव कोणी विचारलं की माणूस ‘आहे’च म्हणतो.

सत्तेचाळीस साली साहेबाचं राज्य गेलं. मायदेशात त्याचं मन रमेना म्हणून तो इकडे आला, आणि इथल्या पोलिसांना आमच्या भाषा कळत नाहीत म्हणून त्यांनी याला पगारावर ठेवून घेतलं. हे त्यानेच सांगितलं, न विचारता. मराठी बोलायला माणूस मिळाल्याचा त्याला आनंद झाला होता, आणि त्या माणसाच्या घरात आपण कशासाठी बसलोय याचा त्याला मधूनमधून विसर पडत होता. मला मात्र पडत नव्हता.

“तो येतो असं तुम्हाला कोणी सांगितलं?” मी शेवटी विचारलं. “मला तर काही निरोप नाही.”

साहेब हसला. शाळेत चोरून पाटीत बघणाऱ्या मुलाला पकडल्यावर आमचे तावडे गुरुजी हसायचे, तसं. मी चौथीपर्यंत दापोलीकडच्या मराठी शाळेत शिकले, मग बापाने बोटीत घालून इकडे आणलं. साहेबाने निळी वही उघडली, चष्मा लावला आणि वाचायला लागला.

“आज सकाळी आठ वाजून सहा मिनिटे. दूरध्वनी. पुरुष : ‘रुके?’ स्त्री : ‘हां.’ पुरुष : ‘चाय घेतलीस?’ स्त्री : ‘घेतली.’ पुरुष : ‘माय काय करते?’ स्त्री : ‘निजलीय.’ पुरुष : ‘उठवू नको.’ पुरुष : ‘बरं. येतो हां. येतो.’ स्त्री : ‘ये.’”

त्याने वही मिटली.

“‘येतो’. वर्तमानकाळ, प्रथमपुरुष, एकवचन. क्रिया लवकरच घडणार असेल तर मराठीत भविष्यकाळाऐवजी वर्तमानकाळ वापरतात. संनिहित भविष्यकाळ. आणि आपण त्यांस ‘ये’ म्हणालात. आज्ञार्थ. यात संशयास जागा नाही.”

फोनवर कान असतो हे आम्हाला ठाऊक होतं. इलियासला तर पक्कं ठाऊक होतं. फोन करायचा नाही हा त्यानेच घातलेला नियम. तरी त्याने केला. निघायच्या आधी एकदा आवाज ऐकावा म्हणून. कामाचा एक शब्द बोलला नाही. फक्त उंबरठ्यावरून पाय बाहेर टाकताना आपल्यात जे म्हणतात, तेवढं म्हणाला. आणि मीही सवयीने त्याला तेच उत्तर दिलं.

जन्माला आल्यापासून आपण हे बोलतो. मरणाऱ्याशिवाय कोणी ‘जातो’ म्हणत नाही. पण हे साहेबाच्या व्याकरणात नव्हतं. सात वर्षं रत्नागिरीत काढून याला हे कसं कळलं नाही, याचं मला आधी नवल वाटलं. मग लक्षात आलं. साहेबासमोरून माणसं सलाम ठोकून, पाठ न दाखवता मागे सरत बाहेर पडायची. ‘येतो’ आपण आपल्या माणसाला म्हणतो. याला ते कोणी कधी म्हटलंच नसणार.

हे सगळं माझ्या डोक्यात यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मला दुसरी गोष्ट आठवली. मामी. मामी तिथेच बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि तिला मराठी कळत होतं.

मी वळून बघितलं. मामीच्या हातातला कांदा अर्धा सोललेला होता. ती साहेबाच्या वहीकडे बघत होती. आपला मुलगा देश सोडून चाललाय, हे त्या बाईला त्या क्षणी कळलं, आणि कळलं ते पोलिसाच्या तोंडून. तिच्या ओठांची हालचाल झाली. मला वाटलं, आता ही बोलणार. आता ही ‘अगो, तो निरोप घेवन गेला’ म्हणून गळा काढणार, आणि क्रिलच्या गाड्या धक्क्याकडे पळणार. बोट सुटायला अजून साडेसहा तास होते.

“येतो बोलला?” मामीने साहेबाला विचारलं.

“होय. दोनदा.”

“मग येल,” मामी म्हणाली. “माजा पोर बोलला म्हणजे बोलला. रुके, भात जास्ती टाक गो. उपाशी आसंल तो. आनि सांदन करू. त्याला आवडतां.”

आणि खाली मान घालून ती कांदे चिरायला लागली. तीन कांद्यांची आमटी असायची आमची. त्या दिवशी तिने अकरा कांदे चिरले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि कांद्यापुढे कोण काय विचारणार? साहेबसुद्धा नाकाला रुमाल लावून बसला होता.

साडेअकराच्या सुमाराला शेजारची कुलसुमखाला दुकानात आली. आमच्या आणि तिच्या घराची भिंत एकच. कोपऱ्यावरच्या गाड्या बघून ती चौकशीला आली होती हे उघड होतं. तिने पडद्याआडून आत डोकावून बघितलं, आत गोरा माणूस दिसला, तशी ती गडबडली.

“काय नाय गो, सहज आल्ते,” ती म्हणाली. “बरां, येते मी.”

आणि गेली.

साहेबाने मान वर केली. घड्याळात बघितलं. “त्या बाई पुन्हा येणार आहेत?”

मी म्हटलं, “हो.” दुसरं काय म्हणणार?

“किती वेळात?”

“येईल आता.”

दहा मिनिटं गेली. वीस गेली. बाराची तोफ झाली. केपटाऊनला टेकडीवरून रोज दुपारी बाराला तोफ उडते, आणि रोज ऐकूनही त्या दिवशी मी दचकले. साहेब पेन्सिल बोटांत फिरवत होता. तो पुन्हा दाराकडे बघायला लागला. त्याच्या कपाळावर एक बारीक आठी पडली होती, आणि ती आठी मला क्रिलच्या पिस्तुलापेक्षा जास्त भिववत होती. ‘येते’ म्हणून गेलेली बाई येत नाही, हा साधा प्रश्न त्याला पडला असता तर पुढचं कोडं सुटायला वेळ लागला नसता. माणूस हुशार होता. फक्त शिकला पुस्तकातून होता.

मामी उठली. वरवंटा उचलला आणि सामाईक भिंतीवर तीनदा ठोकला.

क्रिल धडपडत उभा राहिला. “काय चाललंय?”

“मसाला ठोकते,” मी इंग्रजीत म्हटलं.

भिंतीवर तीनदा ठोकलं की ‘लगेच ये’, ही दोन्ही घरांची दहा वर्षांची रीत. दोन मिनिटांत कुलसुमखाला दारात धापा टाकत हजर.

“काय झालां?”

“काय झालां म्हणून काय विचारतंस?” मामीने तिच्यावर आवाज चढवला. “‘येते’ बोलून गेलीस, आनि यायला हा वेळ? सांदनाला गूळ आनतेस ना? इलियास यायचा हाय आज.”

कुलसुमखालाने मामीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वहीवाल्या साहेबाकडे बघितलं. शहाण्याला शब्दाचा मार असतो. तिला तर तेवढाही लागला नाही.

“गूळच शोधीत होते गो,” ती म्हणाली. “गावला नाय. साखर आनू?”

“आन.”

ती गेली आणि पाच मिनिटांत साखर घेऊन परत आली. बिचारीच्या घरात तेवढीच साखर होती, हे नंतर कळलं. साहेबाच्या कपाळावरची आठी गेली. माझा जीव भांड्यात पडला.

दीड वाजता मामीने ताटं वाढली. एक इलियासचं, झाकून बाजूला. एक साहेबाला. क्रिलला तिने विचारलं, त्याने तोंड फिरवलं. आमच्या घरात तो पाणीही पीत नसे. खुर्चीवर बसायच्या आधीसुद्धा रुमाल पसरायचा. साहेब मात्र कोट काढून, बाह्या दुमडून जमिनीवर बसला. क्रिलकडे न बघता त्याने भातात आमटी कालवली. हाताने. पहिला घास घेतला आणि थांबला.

“आमसूल,” तो म्हणाला.

“गावचां,” मामी म्हणाली. “भावाने पाठवल्यान.”

मग सगळं ताट पुसून खाल्लं. मामीने न विचारता आणखी भात वाढला. मला त्याचा राग येत होता आणि राग नीट धरता येत नव्हता. त्यालाही कुठेतरी परत जायचं होतं, आणि तिथे त्याचं कोणी उरलं नव्हतं.

हात धुवून तो खिडकीशी उभा राहिला. आमच्या मागच्या खिडकीतून उतारावरची घरांची छपरं दिसायची, पलीकडे बंदर, आणि त्यापलीकडे समुद्र.

“ती निळ्या धुराड्याची बोट,” तो म्हणाला. “त्या कंपनीच्या बोटींवर खलाशी आपल्याच भागातील असतात. दाभोळ, हर्णै, बाणकोट.”

मी भांडी घासत होते. हातातला पेला पाण्यात सोडून दिला, नाहीतर फुटला असता. “असतील,” मी म्हटलं.

चार वाजता भोंगा झाला. लांबलचक, जाडा आवाज. मी खिडकीकडे बघितलं नाही. मामीने बघितलं. तिला बोटीचं काही सांगितलेलं नव्हतं, पण सकाळपासून ती मनात हिशेब करत असणार. ती खिडकीशी गेली, आणि ओढणीच्या पदराने काच पुसल्यासारखं करत उभी राहिली. बराच वेळ पुसत होती.

आता संपलं असं वाटलं. पण त्या दिवशी आग्नेयेकडचा वारा सुटला होता. तो सुटला की इथली छपरं उडतात. बोट धक्क्यावरून निघाली आणि बंदराच्या तोंडाबाहेर जाऊन उपसागरात नांगर टाकून उभी राहिली, वारा पडायची वाट बघत. निळं धुराडं तिथेच. पोलिसांच्या लाँचला पंधरा मिनिटांचा रस्ता.

पाच वाजले. बोट तिथेच. साडेपाच वाजले. बोट तिथेच. इकडे क्रिलचा धीर सुटला होता. तो साहेबावर गुरकावला, की तुझा माणूस येणार होता त्याचं काय? साहेब वही उघडून पुन्हापुन्हा त्या चार ओळी वाचत होता. शेवटी क्रिलने आपली माणसं गोळा केली. दोघांना कोपऱ्यावर ठेवतो म्हणाला, आणि बाहेर गेला.

साहेबाने कोट चढवला. दारात थांबला. एवढं जेवला होता, दिवसभर घरात बसला होता. काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं असणार. मामीपुढे थोडा वाकून तो म्हणाला,

“आपण अगत्य केलेत. आभारी आहे. बरे, बाई. जातो.”

आणि मामी, जिने सकाळपासून एक शब्द चुकू दिला नव्हता, सवयीने बोलून गेली,

“जातो नाय बोलायचा, साहेब. येतो बोलायचा.”

बोलली, आणि तिचा हात तोंडावर गेला.

साहेब उभा राहिला. त्याचे ओठ हलले. तो मनातल्या मनात म्हणून बघत होता. येतो. मग त्याने झाकून ठेवलेल्या ताटाकडे बघितलं. साखरेच्या वाटीकडे. भिंतीकडे. आणि मग सावकाश मान वळवून खिडकीबाहेर, जिथे ते निळं धुराडं होतं. सगळं त्याला कळलं. ते कळताना मी त्याच्या चेहऱ्यावर बघितलं.

“विल्मॉट!” बाहेरून क्रिल ओरडला. “येतोयस की तिथेच राहतोस?”

मामीने माझा हात धरला होता. तिची नखं मला रुतत होती.

साहेबाने वही कोटाच्या आतल्या खिशात घातली. इंग्रजीत म्हणाला, “आलो, सार्जंट. आज तो यायचा नाही. बेत बदलला असेल.”

त्याला दया आली की लाज वाटली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मुंबई इलाख्याच्या परीक्षेत मराठीत पहिला आलेला माणूस. एवढ्याशा शब्दाने आपल्याला दिवसभर जमिनीवर बसवून आमटीभात खायला घातला, हे तो क्रिलला कोणत्या तोंडाने सांगणार? की त्याला त्या आमसुलाची आठवण राहिली? उंबरठ्यावर तो वळला.

“येतो,” मामीला म्हणाला.

“या,” मामी म्हणाली.

तो पुन्हा कधी आला नाही.

सातच्या सुमाराला वारा पडला. अंधारायच्या आत निळं धुराडं दिसेनासं झालं.

इलियास दार-ए-सलामला उतरला, तिथून पुढे लंडनला गेला. वर्षातून दोन-तीन पत्रं यायची, फोडून परत चिकटवलेली, म्हणून त्यात हवापाण्याशिवाय काही नसायचं. मला पासपोर्ट देत नव्हते. देत होते तो एक कागद : त्यावर सही करून जायचं, आणि जन्मात परत यायचं नाही. दोनदा मी तो कागद घरी आणला. रात्रीच्या भाताला एक मूठ तांदूळ मामी रोज जास्त घ्यायची, आणि त्या मुठीकडे बघून मी दोन्ही वेळा कागद परत केला. तो येतो म्हणालाय, आणि आपणच नसलो तर तो येणार कुणाकडे, असं मला वाटायचं. मला मराठी येत होतं. त्या शब्दाचा अर्थ मला पक्का ठाऊक होता. तरी मी सगळा जन्म साहेबाचं भाषांतर धरून बसले.

पुढे सरकारने आमची वस्ती गोऱ्यांची म्हणून जाहीर केली. आमची गल्ली, दुकान, कुलसुमखालाची आणि आमची ती एक भिंत, सगळ्यावर बुलडोझर फिरला. आम्हाला शहराबाहेर वाळूत नेऊन टाकलं. मी नवा पत्ता आणि फोनचा आकडा इलियासला तीन वेगवेगळ्या पत्रांतून कळवला, एखादं तरी पोचावं म्हणून. मामी पंचाहत्तर साली गेली. शेवटच्या आठवड्यात ती दार लावू द्यायची नाही.

नव्वद साली चळवळीवरची बंदी उठली. परदेशी गेलेले लोक परत यायला लागले. मी खोलीला रंग काढला. एका सकाळी फोन वाजला.

“रुके?”

सव्वीस वर्षांनी. आवाज म्हातारा झाला होता, पण रुके म्हणणारं माणूस जगात दुसरं उरलंच नव्हतं.

“हां.”

“चाय घेतलीस?”

“घेतली,” मी म्हटलं. घेतली नव्हती.

तो इस्पितळातून बोलत होता. छातीचं दुखणं. छापखान्यातलं शिसं, म्हणाला, एवढी वर्षं आत बसून होतं. डॉक्टर विमानात बसू देत नव्हते. कधी देतील, मी विचारलं. त्यावर तो मामीच्या कबरीबद्दल विचारायला लागला, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. मग मी त्याला विल्मॉट साहेबाची गोष्ट सांगितली. पत्रात ती कधी लिहिता आली नव्हती. संनिहित भविष्यकाळ ऐकून तो हसला, अकरा कांदे ऐकून हसला, आणि हसता हसता खोकायला लागला. तो खोकला फार वेळ थांबेना. कोणीतरी बाई इंग्रजीत त्याला फोन ठेवा म्हणत होती.

“बरं, रुके,” तो म्हणाला. “जातो.”

इतकी वर्षं परक्या भाषेत काढून तो रीत विसरला होता, की सगळं आठवत असूनच तसं म्हणाला, मी ठरवत बसले नाही. माझ्या तोंडून मामीच बोलली.

“जातो नाय बोलायचा. येतो बोलायचा.”



“येतो,” तो म्हणाला. “येतो हां.”

“ये,” मी म्हटलं.